थांबवायचं बटण

"ते थांबवायचं बटण काढून टाक," शीतल म्हणाला.

मी लॅपटॉपवरून मान वर केली. शनिवारी दुपारी आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात कुणी नसायचं, म्हणून आम्ही तिथं बसलो होतो. स्क्रीनवर हिरवे, वीतभर उंचीचे आकडे होते आणि त्यांच्याखाली तीन बटणं: सुरू, थांबवा, संपलं.

"असू दे की," मी म्हटलं. "मधेच लाइट गेली तर?"

"लाइटीला यूपीएस आहे. ते बटण ज्याच्या हातात, त्याच्या हातात निकाल. मला यंदा कुणाच्याच हातात काही नको आहे. एकदा सुरू झालं की थेट पडदा पडेपर्यंत. काढ."

माझ्या दृष्टीनं ते दोन सेकंदांचं काम होतं. आत एक ओळ होती: थांबवता येईल, हो की नाही. मी 'हो' खोडून 'नाही' लिहिलं आणि मधलं बटण स्क्रीनवरून गेलं.

"आता कसं," शीतल म्हणाला आणि मिसळ खायला चल म्हणून उठलासुद्धा.

शीतल हा मुलगा, हे आधीच सांगते. आमच्या कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या जैनांत हे नाव मुलांचं असतं. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना ते ठाऊक नसतं, त्यामुळे स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर त्याचं हमखास 'कुमारी शीतल चौगुले' व्हायचं. त्यावर तो कधी चिडला नाही. बाकी जगातल्या सगळ्या गोष्टींवर चिडायचा. इंजिनिअरिंगला आम्ही एका वर्गात होतो आणि तिथंच आमचा नाटकाचा ग्रुप झाला, 'आडपडदा' नावाचा. नाटक लिहायचा तो, बसवायचा तो, मुख्य काम करायचा तो. मी विंगेत संगीत लावायचे आणि त्याच्याशी भांडायचे.

पोटापाण्यासाठी मी वेबसाइटी बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्या पानावर पळतं घड्याळ हवं असायचं. कापडवाल्याला 'सेल संपायला इतके तास', क्लासवाल्याला परीक्षेचं उलटं घड्याळ, आणि एका हौशी बापाला पोरीच्या लग्नाच्या पानावर 'मुहूर्ताला उरले इतके दिवस'. दर वेळी तेच तेच नव्यानं लिहून मी वैतागले आणि एकदाच नीट बसून एक घड्याळ लिहिलं, कुठूनही उचलून कुठेही लावता येईल असं. उलटं पळव, सुलटं पळव, नाही तर नुसती आत्ताची वेळ दाखव. शेवटची पाच मिनिटं लाल कर, शून्याच्या खाली गेलं की उणे चिन्ह लावून मोजत राहा. वरून काय ते सांगायचं, आतलं यंत्र एकच. लग्नात पाण्यात सोडतात त्या वाटीवरून मी त्याला 'घटिका' म्हणायचे. साहेबांना नाव गावठी वाटलं होतं. मला मात्र त्या घटिकेचा इतका अभिमान होता की कुणी घरी आलं की चहाआधी मी तिच्याबद्दल सांगायचे.

शीतलला माझी घटिका कराडच्या एकांकिका स्पर्धेसाठी हवी होती आणि त्याचं कारण आदल्या वर्षी घडलं होतं.

आदल्या वर्षी आम्ही तिथं पुरावरचं नाटक केलं होतं. घराच्या माळ्यावर अडकलेलं एक कुटुंब आणि खाली चढत जाणारं पाणी. लोकांनी श्वास रोखून पाहिलं. पण स्पर्धेचा नियम असा की पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत पंचेचाळीस मिनिटं, वर गेलात तर बाद. आम्ही मिनिटभर वर गेलो आणि बाद झालो. त्याच संध्याकाळी साताऱ्याच्या एका ग्रुपचा फार्स झाला. शीतल प्रेक्षकांत बसून मोबाइलवर वेळ मोजत होता. त्याच्या हिशोबानं ते आमच्याहूनही लांबले होते. निकालात मात्र ते वेळेत बसले आणि पहिले आले.

वेळ मोजायचं काम सबनीस बाईंकडे असायचं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. उंच, ताठ, पांढरे केस मानेवर कापलेले आणि गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं शर्यतीचं स्टॉपवॉच. पहिल्या रांगेच्या टोकाला टेबल टाकून त्या बसायच्या, आणि त्यांचं घड्याळ म्हणेल ती वेळ.

त्या संध्याकाळी शीतलनं नाट्यगृहाच्या पोर्चमध्ये त्यांना गाठलं. सगळे ग्रुप तिथंच वडापाव खात उभे होते.

"बाई, हे घड्याळ कुणाचं आहे?" तो म्हणाला. "तुमचं, की सातारकरांचं?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग गळ्यातली दोरी काढली, घड्याळाला गुंडाळली, ते पर्समध्ये ठेवलं आणि काही न बोलता रिक्षात बसून निघून गेल्या.

"बघितलंस?" शीतल मला म्हणाला. "उत्तर आहे का?"

मलाही तसंच वाटलं होतं. खरं सांगायचं तर तो बोलला याचा मला आनंद झाला होता.

मग वर्षभर तो स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या मागे लागला. अर्ज केले, फोन केले, सचिवांच्या घरी जाऊन बसला. शेवटी ते कंटाळून म्हणाले, बाबा, तुझं ते स्क्रीनवरचं घड्याळ आण, सगळ्यांना दिसेल असं लाव, त्यावरचा आकडा अंतिम. फक्त बाईंना टेबलावरून उठवायचं नाही, इतकी वर्षं बसल्यात, बटण त्याच दाबतील. शीतलला ते चालण्यासारखं होतं. बटणं आता दोनच उरली होती.

यंदाचं नाटक त्याला काहीही करून पुण्याच्या फेरीत न्यायचं होतं. कराडला पहिला येईल तो पुण्याला जायचा. शीतलचे वडील तो लहान असताना वारले. भूपालकाकांनी त्याला वाढवलं, शिकवलं. काकांचा इचलकरंजीत यंत्रमागांचा कारखाना, आणि त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. शीतलची दोन वर्षं नाटकात गेली तेव्हा काकांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "यंदा पुण्याला गेलास तर तिकडंच राहा, काय नाटक करायचं ते कर. मी आड येणार नाही, शब्द देतो. नाही गेलास तर पाडव्याला कारखान्यात बसायचं, आणि मग नाटकाचं नाव काढायचं नाही. तू शब्द दे." शीतलनं दिला. चौगुल्यांच्या घरात शब्द द्यायला वेळ लागतो, पण दिला की तो हलत नाही, हे मी कॉलेजपासून बघत होते.

आणि त्यानं नाटक लिहिलं ते त्याच घरावर. 'जोरात बोल' असं नाव. मागांच्या खडखडाटात राहून राहून घरातली सगळी माणसं ओरडूनच बोलतात. मीठ मागतात तेसुद्धा नदीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं. थोरल्या मुलाचं लग्न होतं, नवी सून येते, ती मऊ आवाजाची. तिचं कुणालाच ऐकू येत नाही. मग एके दिवशी लाइट जाते, गावातले सगळे माग थांबतात आणि नवरा-बायको पहिल्यांदाच शांततेत समोरासमोर येतात. त्याला हळू बोलता येत नाही, तिला आता बोलावंसं वाटत नाही. शेवटी तो ओठ हलवतो, आवाज निघत नाही, नुसती शांतता. बऱ्याच वेळानं तो कुजबुजतो, "तुझं नाव काय म्हणालीस?" पडदा.

तालमीत आमचं नाटक बेचाळीस मिनिटांत व्हायचं. दर वेळी बेचाळीस, फार तर सेकंद इकडे-तिकडे. शीतल म्हणायचा, तीन मिनिटं खिशात आहेत.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी कराडला जाऊन स्क्रीन लावले. एक लॅपटॉप बाईंच्या टेबलावर, एक परीक्षकांसमोर आणि एक मोठा टीव्ही विंगेत, रंगमंचावरच्यांना दिसेल असा. बाई दहाच्या सुमारास आल्या. गळ्यात दोरी नव्हती. मी त्यांना सुरू कसं करायचं, संपवायचं कसं ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"छान केलंयस गं," त्या म्हणाल्या. "आणि मधे थांबवायचं कुठं?"

"थांबवायचं नाहीच आहे, बाई."

"अजिबात नाही?"

"मुद्दामच काढलंय. म्हणजे मग कुणाला काही शंका नको."

माझ्या बोलण्यातला टोमणा त्यांना कळला असणार. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

आमचं नाटक दुपारी तीनला होतं. घटिकेला काही झालं तर बघायला कुणीतरी हवं म्हणून मला बाईंच्या शेजारी बसवलं होतं. संगीत दुसऱ्या एका मुलीकडे दिलं होतं. मी मागे वळून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत भूपालकाका. पांढरा शर्ट, टोपी, हातात छत्री. त्यांनी जन्मात कधी नाटक पाहिलं नव्हतं. शीतलनंच हट्टानं बोलावलं होतं, निकाल स्वतःच्या कानांनी ऐका म्हणून.

पडदा उघडला, बाईंनी बटण दाबलं, आकडे पळू लागले.

आई स्वयंपाकघरातून "मीठ" म्हणून ओरडली आणि बापानं रंगमंचाच्या दुसऱ्या टोकावरून "कुठं गेलंय?" असं तितक्याच जोरात विचारलं. लोक हसले. नुसते हसले नाहीत, खालून वरपर्यंत सगळं नाट्यगृह हललं. कराडच्या लोकांना हे घर ओळखीचं असावं. मुलगी बघायला गेलेली माणसं अगदी अदबीनं, हात जोडून, गुरासारखी ओरडत "नाव काय मुलीचं?" विचारू लागली तेव्हा मागच्या बाकांवरची पोरं उभी राहून टाळ्या पिटायला लागली. आणि त्या सगळ्या हशात एक हसू वेगळं ऐकू येत होतं. जाडं, थांबत थांबत येणारं, खोकल्यात संपणारं. मी वळून पाहिलं. भूपालकाका टोपी काढून तिनंच डोळे पुसत होते.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, झालं. जिंकलो. आता पुण्याला जायला पिशव्या भरा.

नाटकात हशा पडला की नटानं थांबायचं असतं. त्यावर बोललं तर वाक्य बुडतं आणि पुढचा हशाही जातो. शीतल हे सगळ्यांना दटावून शिकवायचा आणि सगळी पोरं त्याप्रमाणे थांबत होती. पुतळ्यासारखी उभी राहायची, लाट ओसरू द्यायची, मग पुढचं वाक्य. मी खुशीत बघत होते. सून घरात येते तो प्रवेश सुरू झाला तेव्हा सहज माझं लक्ष स्क्रीनकडे गेलं. तालमीत हा प्रवेश यायचा त्याच्या कितीतरी पुढं आकडा गेला होता.

त्या वेळी मी बाईंकडेही पाहिलं. त्यांचा डावा हात टेबलावर होता. उजवा मांडीवर, पदराखाली. लोक हसले की त्या हाताची हालचाल व्हायची. हशा ओसरला की पुन्हा व्हायची. म्हातारपणाचा चाळा असेल, मी मनात म्हटलं, आणि मला त्याचा राग आला. आमचा जीव जातोय आणि ही बाई पदराशी खेळतेय.

आकडे लाल झाले. विंगेतल्या टीव्हीवरही झाले असणार, कारण शीतलची नजर एकदा तिकडे गेली. लाइट जायचा प्रसंग नुकताच सुरू झाला होता. अजून ती शेवटची शांतता बाकी होती. ती कापली तर तो जेमतेम वेळेत बसत होता. नुसतं वाक्य म्हणायचं आणि पडदा पाडायचा, एवढंच. मी खुर्चीच्या कडेवर आले. काप, मी मनात म्हणत होते. शीतल, काप, कुणाला कळणारसुद्धा नाही.

त्यानं टीव्हीकडे पाठ केली.

मग तो तिच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं ती शांतता पूर्ण घेतली. ओठ हलले, आवाज नाही. सगळं नाट्यगृह चिडीचूप. आकडा शून्यावर आला, शून्याच्या खाली गेला, पुढं उणे चिन्ह लागलं. माझ्याच हातानं लिहिलेलं चिन्ह. "तुझं नाव काय म्हणालीस?" तो कुजबुजला आणि पडदा पडला. बाईंनी 'संपलं' दाबलं. उणे एक मिनिट, वीस सेकंद.

टाळ्या थांबेनात. सचिव वाकून आमच्या टेबलाशी आले, स्क्रीनवरचा आकडा त्यांनी दोनदा वाचला आणि माझ्याकडे न बघताच परीक्षकांकडे गेले.

शीतल तोंडावरचा रंग न पुसताच खाली आला.

"किती?" त्यानं मला विचारलं.

मी सांगितलं.

"घड्याळ बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे रे. पण लोक इतके हसले, त्यात..."

"बरोबर आहे का नाही, एवढंच सांग."

"बरोबर आहे."

"मग झालं की," तो म्हणाला. तो बाईंकडे वळला. मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी बोलणार. पण त्यानं हात जोडले. "बाई, गेल्या वर्षी घड्याळ तुमच्या हातात होतं म्हणून मी बोललो. यंदा मला बोलायला जागा नाही." आणि तो रंग पुसायला आत गेला.

बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. पुढच्या नाटकाला अर्धा तास होता, लोक चहाला बाहेर गेले होते. पहिल्या रांगेत आम्ही दोघीच. माझा सगळा संताप मला कुठंतरी काढायचा होता.

"आता तुम्हाला बरं वाटलं असेल," मी म्हटलं.

बाईंनी पदराखालून उजवा हात बाहेर काढला. मुठीत स्टॉपवॉच होतं, काळी दोरी मनगटाला गुंडाळलेली. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. काटा थांबलेला होता, बेचाळीस मिनिटांच्या किंचित पुढं.

मला काही कळलं नाही. मी एकदा त्यांच्या घड्याळाकडे आणि एकदा माझ्या स्क्रीनकडे पाहिलं.

"हे चुकलंय," मी म्हटलं.

"चुकलेलं नाही. मी हशा धरत नाही."

"म्हणजे?"

"लोक हसले की मी घड्याळ थांबवते. टाळ्या पडल्या की थांबवते. नट पुन्हा बोलायला लागला की सुरू करते. कबड्डीत खेळ थांबला की वेळ थांबवतात की नाही? मग इथं का नाही? तेवढा वेळ नटाचा नसतो गं, बघणाऱ्यांचा असतो. दुसऱ्यांनी घेतलेला वेळ ह्याच्या नावावर कसा टाकू?"

"पहिल्यापासून?"

"मी बसते तेव्हापासून."

माझ्या डोक्यात गेल्या वर्षीचा फार्स आला, आणि मग आमचा तो पूर. श्वास रोखून बसलेले लोक. कुणी हसलं नव्हतं. कुणी टाळी वाजवली नव्हती. बाईंना घड्याळ थांबवायला आम्ही एकदाही जागा दिली नव्हती.

"मग सांगितलं का नाहीत?" माझा आवाज चढला. "गेल्या वर्षी त्यानं सगळ्यांसमोर एवढं विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर पुढच्या वर्षीपासून जो तो हसायला माणसं घेऊन आला असता. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. घड्याळवाल्यानं करायच्या आणि गप्प बसायचं. लोकांचा विश्वास असेल तोवर ते चालतं. आणि नंतर तुम्ही स्क्रीन आणलात."

"मग आता तरी दाखवा ना. सचिवांना दाखवा, परीक्षकांना दाखवा. तो वेळेत आहे, बाई. त्याचं सगळं आयुष्य अडकलंय ह्यात."

"नियम काय ठरलाय? स्क्रीनवरचा आकडा अंतिम. तुम्हीच ठरवलात. आज सकाळपासूनची सगळी नाटकं त्याच नियमावर झाली. त्यातल्या दोघांना सकाळी बाद केलंय, त्यांनाही लोक हसले होते. त्यांना काय सांगू?"

"निदान शीतलला तरी सांगा."

"काय सांगू?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवी मैदानभर पोचायचा, तो आता अगदी खाली गेला होता. "गेल्या वर्षी तुझ्या नाटकाला कुणी हसलं नाही, म्हणून गेलास? आणि यंदा फार हसले, म्हणून गेलास? असं सांगू त्या पोराला?"

मी घड्याळासाठी हात पुढं केला. मला ते हिसकावून धावत जायचं होतं, सचिवांकडे, काकांकडे, कुणाकडेही. बाईंनी वरची कळ दाबली आणि काटा शून्यावर गेला.

"दोन घड्याळं झाली की भांडण होतं," त्या म्हणाल्या. "मी एकदा ऐकून घेतलंय. पुन्हा नको."

मी बाहेर आले तेव्हा भूपालकाका पोर्चमध्ये शीतलशेजारी उभे होते. त्यांचे डोळे अजून लाल होते. मला बघून ते म्हणाले, "काय पोरी, काय नाटक केलंय ह्यानं. पोट धरून हसलो बघ. आमची वहिनी अस्संच मीठ मागायची." आणि पुन्हा त्यांना हसू आलं, ते खोकल्यात संपलं. मग त्यांनी टोपी नीट केली. "पण बसलं नाही म्हणतोय वेळेत."

"काका," मी म्हटलं, "ऐका, ते जे वेळेचं आहे ना..."

"घड्याळ आम्हीच आणलं होतं, काका," शीतल मधेच म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "त्यात काय बोलायचंय. चला, साडेपाचची एसटी मिळेल."

काका काही क्षण घुटमळले. मला आजही वाटतं, त्या वेळी कुणी एक शब्द जरी टाकला असता तरी त्यांनी स्वतःचा शब्द मागे घेतला असता. त्यांना तो घ्यायचाच होता. पण पुतण्या कारण द्यायला तयार नाही आणि आपण सूट द्यायची, हे त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी छत्री काखेत मारली आणि दोघं फाटकाबाहेर पडले.

पाडव्याला शीतल कारखान्यात बसला. 'आडपडदा' त्या उन्हाळ्यातच विस्कटला. पुढच्या वर्षीपासून मंडळानं माझीच घटिका कायम केली, सबनीस बाईंनी प्रकृतीचं कारण सांगून टेबल सोडलं. काही वर्षांनी त्या गेल्याचं मला कुणीतरी फोनवर सांगितलं. मी पुण्याला आले, नोकऱ्या बदलल्या. घटिकेवर पुढं बरेच हात फिरले. आता ती कुठं कुठं लागलेली असते ते मलाही माहीत नसतं. मधूनच एखाद्या पानावर लाल होणारे आकडे दिसतात आणि मी ते पान बंद करते.

शीतलला मी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी धीर झाला नाही. मग त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, माग वाढले, आणि सांगायचं ते कशासाठी हेच कळेनासं झालं. त्याच्या मनात आदल्या वर्षीचा अन्याय आणि त्या वर्षीचा न्याय अशी दोन्ही खाती बंद होती. ती मी उघडायची का?

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. कारखान्यातूनच बोलत होता, मागे माग खडखडत होते.

"वृंदे, तुझी ती घटिका अजून चालतीय का? नव्या मागांवर स्क्रीन लावतोय. कोण किती वेळ मागावर होता ते दिसायला पाहिजे."

"चालतीय की," मी म्हटलं. मग न राहवून विचारलं, "थांबवायचं बटण ठेवू, का काढू?"

"ठेव की," तो सहज म्हणाला. "सूत तुटतं, लाइट जाते, माणसं चहाला जातात. तेवढा वेळ त्यांच्या नावावर कशाला टाकायचा? तो काय त्यांचा आहे?"

तो रंगात आला होता.

"काका अजून ते नाटक सांगतात गं सगळ्यांना. पाहुणा आला की मीठ मागून दाखवतात. किती हसले होते लोक त्या दिवशी. मी कधी कधी विचार करतो, किती वेळ हसले असतील सगळे मिळून?"

इतकी वर्षं न सांगितलेलं आता सांगून टाकावं असं मला वाटलं. माझा आवाज मलाच धड ऐकू येईना.

"बाईंनी मोजलं होतं, शीतल," मी म्हटलं.

मागांच्या आवाजात त्याच्यापर्यंत काहीच पोचलं नाही.

"काय? जोरात बोल," तो म्हणाला.

"काही नाही," मी म्हटलं. "सोमवारी पाठवते."